तोंड उघडून शिंका

"मऊ असेल ते काहीही खा. पण दोन आठवडे शिंकायचं नाही," डॉक्टर ओसवाल म्हणाल्या.

मी त्यांच्या खुर्चीत आडवी पडले होते. उजवा गाल बधिर, ओठ आहे की नाही याचाही पत्ता नव्हता. तरी मान वर उचलून मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वयाने माझ्या मृदुलाएवढ्याच, पण तोंडावरची पट्टी काढून बोलायला लागल्या की हेडमास्तरीणबाई वाटायच्या.

"शिंकायचं न्हाय म्हंजे?" बधिर तोंडातून हे कसं बाहेर पडलं देव जाणे, पण त्यांना समजलं.

"हे बघा शालनताई, पक्के दात बसवायचे तर त्यांचे स्क्रू धरायला तुमच्या वरच्या जबड्यात हाडच उरलं नव्हतं. जबड्याच्या वर, नाकाच्या बाजूला एक पोकळी असते. तिचं पातळ अस्तर मी उचललंय आणि त्याच्याखाली हाडाची भुकटी भरलीय. आता सहा महिन्यांत तिचं तुमचं हाड होईल. पण तुम्ही नाक दाबून शिंकलात, तर सगळा जोर त्या अस्तरावर. ते फाटलं की भुकटी बाहेर, आणि पुन्हा करता येईल याची खात्री मी देणार नाही. शिंक आलीच, तर तोंड मोठ्ठं उघडून शिंका. आ करून. नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, फुगे फुगवायचे नाहीत."

"ह्या वयात फुगे कुठं फुगवू?"

"सांगावं लागतं. बरं, तुम्ही काम काय करता?"

"आमचा मसाल्याचा डंका हाय."

डॉक्टर शेजारच्या स्टुलावर हळूच बसल्या. कोपऱ्यात उभी असलेली मृदुला भिंतीकडे तोंड करून खांदे हलवायला लागली. माझी लेक हसताना नेहमी असं करते, म्हणजे आपण हसत नाही असं तिला वाटतं.

ज्यांच्या गावी डंका नाही त्यांना सांगायला हवं. डंका म्हणजे मसाला कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं मोटारीवर वर जातात आणि दणादण उखळात आदळतात. चैत्र लागला की अर्ध्या कराडच्या बाया भाजलेल्या मिरच्या, धने, खोबरं, लसूण घेऊन आमच्या दारात. त्या दिवसांत आमच्या घरात तिखट नाही अशी वस्तू सापडणार नाही. उशीत तिखट, कपाटात तिखट, देवाच्या वस्त्रात तिखट. पाहुणा चप्पल काढायच्या आत शिंकतो आणि पोस्टमन रस्त्यावरूनच हाक मारून पाकीट आत भिरकावतो. आम्हाला सवय होती, तरी नवी मिरची आली की आमचीही नाकं शरण यायची. आणि नेमका तो चैत्र होता. मृदुलानेच तारीख घेऊन टाकली होती. "तू सीझन सीझन करत बस. एक दिवस तोंडात नुसती जीभ राहील," म्हणाली.

दातांचं मला एवढं काय होतं, तेही सांगते. खाण्यापिण्याचं सोडा, भाकरी दुधात कुस्करूनही पोट भरतं. माझं दुखणं हसण्याचं होतं. माझं हसणं मोठं. म्हणजे इतकं मोठं, की आमच्या घरात मी हसले तर समोरच्या सोनाराच्या ओट्यावरचं कुत्रं उठून बसायचं. माझ्या थोरल्या जाऊबाई, गजराआक्का, पहिल्या दिवसापासून त्याच्या विरुद्ध. "हसतीस का भांड्याची मांडणी पाडतीस?" हे मी सासरी ऐकलेलं पहिलं वाक्य. पुढे हिरड्यांना रोग लागला आणि उजवीकडचे वरचे चार दात, सुळ्यापासून मागचे, एकेक करून गेले. कवळी बसवली. ती बसायची, पण मी हसेपर्यंतच.

एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी नवऱ्याची नक्कल केली. मी हसले आणि कवळी उडून थेट एका बाईच्या वाणाच्या ताटात पडली, तिळाच्या लाडवांच्या मधोमध. ती बाई बिचारी लाडू समजून उचलायला गेली. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. मी मात्र त्या दिवसापासून पदर तोंडाला लावला तो लावलाच. काही गंमत झाली की ओठ मिटून "हं हं" करायचं, एवढंच राहिलं. माझ्या हसण्याची मला आठवण यायची, अगदी एखाद्या माणसाची यावी तशी.

तर अशी मी गाल सुजवून घरी आले. आक्का डंक्यासमोर बसल्या होत्या, डोक्याला फडकं, भुवयांवर लाल धूळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे हाडं पेरली म्हन की. पीक कधी येनार?"

"सहा महिन्यांनी, आक्का."

"आन् कुनाचं हाड म्हनं हे?"

"कुनाचंबी न्हाय. कारखान्यात करत्यात. मी इचारलंय."

"तुझा काय भरोसा," आक्का म्हणाल्या, आणि मला वरच्या खोलीत पिटाळलं. खिडक्यांना ओली धोतरं लावली. ऐन सीझनचं सगळं काम एकटीच्या अंगावर घेतलं आणि त्याबद्दल दिवसभर मोठमोठ्याने कुरकुर केली, म्हणजे मला वर ऐकू यावी. मला वाटलं, रागावल्यात. रागावणारच, मीही रागावले असते.

पण घरात एक नवीनच चाल पडली. माझं नाक जरा हुळहुळलं, मी जरा वर बघितलं, की जो कोणी जवळ असेल तो ओरडायचा, "आ!" आणि मी आ करायची. मृदुलाचे बाबा पेपर वाचता वाचता न बघताच "आ" म्हणायचे. डंक्यावरच्या गिऱ्हाईक बायकासुद्धा जिन्याखालून विचारायच्या, "वैनी, आ केलं का?" उघड्या तोंडाने शिंकायला सराव लागतो. आवाज फार मोठा येतो आणि समोर कोण आहे ते आधी बघावं लागतं. मी तरबेज होत चालले होते, आणि तेवढ्यात कोरेगावच्या निकमांचा फोन आला.

मृदुलाचं निकमांच्या संग्रामशी जमत आलं होतं. दोघं कॉलेजपासूनची ओळखीची. घरच्यांनी ठरवल्यासारखं दाखवत होती, पण संग्रामचं नाव निघालं की आमची लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. ती महिन्याने ठरली होती, पण संग्रामच्या आज्जींनी पंचांग उघडलं आणि फर्मान काढलं, "येत्या गुरवारी."

या बायजाआज्जींचा निकमांच्या घरात शब्द म्हणजे शब्द. आणि त्यांना शकुनाचं भारी वेड. संग्रामच्या थोरल्या भावाच्या वेळी वाठारला पोरगी बघून सगळं पसंत पडलं होतं. निघता निघता उंबऱ्यात कुणीतरी शिंकलं, तर आज्जी हातातला चहाचा कप तसाच ठेवून गाडीत जाऊन बसल्या. ती सोयरीक तिथेच मोडली. हे संग्रामनेच मृदुलाला सांगितलं होतं, आणि ते सांगताना तो हसला नव्हता.

"आई, तू वरच बस त्या दिवशी," मृदुला म्हणाली.

"नवरीच्या आईनं वर बसून कसं चालंल?"

"मग शिंकू नकोस."

"माझ्या हातात हाय व्हय ते?"

गुरुवारी डंका बंद ठेवला. मोटारीवर गोणपाट टाकलं. आदल्या दिवशी आक्कांनी अख्खं घर धुऊन काढलं, छताच्या वाशांपासून. पडदे बदलले, सतरंजी शेजारून आणली, कारण आमची झटकली तर पाहुणे कोरेगावपर्यंत शिंकत जातील. बैठक सजली. आणि मग आक्का सकाळीच म्हणाल्या, "मी डंक्याच्या खोलीत बसते."

आमचे मोठे दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरातल्या कार्यात आम्ही असलं काही पाळत नव्हतो. मृदुलाला तर आक्कांनीच लहानाचं मोठं केलं, तिची वेणी मी क्वचितच घातली असेल.

"आक्का, काहीतरीच काय? तुम्ही म्होरं बसायचं."

"त्या म्हातारीपुढं नको. पोरीच्या सुपारीला गालबोट नको. जाळीतनं दिसतंय मला." डंक्याची खोली आणि बैठक यांच्या मधल्या भिंतीत एक जाळीची खिडकी आहे, तिला लाकडी फळी. आक्का ती फळी किंचित उघडी ठेवून आत जाऊन बसल्या. मला फार वाईट वाटलं, पण जीपचा हॉर्न वाजला आणि वाईट वाटायलाही वेळ उरला नाही.

निकम मंडळी आली. व्याही फेट्यात, एक आत्याबाई, संग्राम इस्त्रीच्या शर्टात घामाघूम, आणि बायजाआज्जी. चष्म्याच्या काचा बशीएवढ्या. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून आधी हवेचा अंदाज घेतला. सगळे श्वास रोखून होते. कुणीही शिंकलं नाही. आज्जींनी उजवा पाय आत टाकला.

चहा झाला, टोपी-टॉवेल झाले, ओट्या भरल्या. मृदुला पोपटी साडीत पाटावर बसली होती. मी बोलण्याचं काम ह्यांच्यावर सोपवून नुसती मान हलवत होते. नाक अगदी शांत होतं. गुरुजींनी सुपारी समोरच्या पाटावर मांडली, अक्षता वाहिल्या आणि खलबत्त्यातला बत्ता हातात घेतला.

बायजाआज्जी माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी कनवटीची डबी काढली. टक टक केलं, झाकण उघडलं आणि तपकिरीची चिमूट घेऊन नाकाशी नेली. वर पंखा चालू होता. आज्जींच्या नाकाला त्या तपकिरीचं काहीच वाटत नसे, पण पंख्याने त्यातला वाटा माझ्याकडे पाठवला.

नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यांच्या मागेपर्यंत काहीतरी सरसरत गेलं. मी ओळखलं, ही शिंक परत जाणारी नाही.

गुरुजींचा हात वर गेला होता. मी मृदुलाकडे बघितलं. ती संग्रामकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते बघून मी ठरवून टाकलं. दात काय, कवळी आहेच. हसले नाही म्हणून कुणी मरत नाही. पोरीला हा मुलगा परत कुठून आणू? माझा हात नाक दाबायला वर गेला.

मृदुलाने तो हात बघितला.

"आई!" भर बैठकीत, खाली मान घालून बसलेली नवरी पाटावरून ओरडली. "आ कर! दाबू नको! आ!"

इतक्या दिवसांची सवय. माझं तोंड आपोआप उघडलं.

ती शिंक कशी होती हे मी सांगू शकत नाही, कारण मी तिच्या आत होते. नंतर ह्यांनी सांगितलं की संग्रामच्या वडिलांचा फेटा सरकला. अक्षता उडाल्या हे मात्र मी स्वतः पाहिलं. गुरुजींचा बत्ता हवेतच राहिला.

"थांबा," बायजाआज्जी म्हणाल्या. "शिंकलं कोन?"

मी आ केलेल्या अवस्थेतच होते. आज्जी वाकून माझ्या तोंडात डोकावल्या.

"अगं बया! हिच्या तोंडात टाकं हायत की!"

"दातांचं ऑपरेशन झालंय, आज्जी," हे घाईने म्हणाले. "नाक दाबायला डॉक्टरांची बंदी आहे. ती शिंक औषधापाण्याची समजा."

"औषधाची असूं दे न्हायतर पाण्याची. शिंक ती शिंक. ती बी नवरीच्या आईची, ती बी सुपारीवर." त्यांनी डबी कनवटीला लावली. "उठा रं."

"आज्जी, माणूस हाय, शिंकनारच की!" संग्राम म्हणाला.

"तू गप. तुझं लगीन हाय, तुला त्यातलं काय कळतंय?"

व्याही फेटा सावरत उठायला लागले. आत्याबाईंनी चपला शोधायला सुरुवात केली. मृदुला पाटावरून हलली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, डोळे भरलेले, आणि हळूच विचारलं, "आई, नाक दाबलं नाहीस ना?" मी नाही म्हणून मान हलवली.

आणि भिंतीपलीकडे धडाड् झालं.

धडाड्, धडाड्, धडाड्. डंका सुरू झाला होता. जाळीच्या खिडकीची फळी सताड उघडली आणि आतून लाल ढग बैठकीत शिरला. नुसती बेडगी असती तर निभावलं असतं. ती लवंगी होती, आणि ती सुद्धा कोरडी.

पहिले गुरुजी. त्यांची शिंक मांजराच्या पिल्लासारखी बारीक, पण ती आली तेव्हा बत्ता त्यांच्या हातात वरच होता. शिंकेबरोबर हात खाली आला आणि बत्ता नेमका सुपारीवर बसला. फाड्! सुपारीचा एक तुकडा संग्रामच्या खिशात उडाला, दुसरा मृदुलाच्या ओटीत.

त्याच्यापुढे कोण केव्हा शिंकलं ते कुणालाच सांगता येणार नाही. व्याह्यांच्या शिंका ट्रॅक्टर सुरू होत नसावा तशा, आधी घरघर आणि मग एकदम. आत्याबाई एका हातात चप्पल धरून शिंकत होत्या. संग्राम शिंकता शिंकता मृदुलाला पाणी देत होता आणि ती शिंकता शिंकता मला ओरडत होती, "आ! आई, आ!" मी आ करून शिंकत होते, हे भिंत धरून शिंकत होते, बाहेर ड्रायव्हर जीपमध्ये शिंकला तो आवाज आतपर्यंत आला.

बायजाआज्जी तेवढ्या ताठ बसल्या होत्या. जन्मभर तपकीर ओढलेलं नाक ते, लढलं बिचारं. आधी नाकपुड्या फुलल्या, मग चष्म्यामागून पाणी वाहायला लागलं, मग हनुवटी थरथरली. त्यांनी पदर तोंडावर धरला. पदराने काय होतंय? अशी शिंक आली की चष्मा निसटून सतरंजीवर पडला. आणि एकीवर थांबते कुठली! आज्जी शिंकत सुटल्या, मध्येच "अगं आई गं" म्हणायच्या आणि परत शिंकायच्या.

आत कुणीतरी बटण बंद केलं. डंका थांबला. ढग हळूहळू खाली बसला. सगळे लाल डोळ्यांनी एकमेकांकडे बघत होते.

"फुटली," गुरुजी नाक पुसत म्हणाले. "सुपारी फुटली हो! अगदी वेळेवर."

आज्जींनी चष्मा चाचपून डोळ्यांवर चढवला आणि पाटाकडे बघितलं. खरंच फुटली होती. आणि फुटलेली सुपारी म्हणजे दिलेला शब्द, हे आमच्याइतकंच त्यांनाही ठाऊक होतं.

"गुर्जी, ह्या एवढ्या शिंकांचं काय धरायचं?"

गुरुजींनी बराच विचार केला, मध्ये एकदा शिंकले. "आज्जी, एक-दोन शिंकांचं सांगता येतं. इतक्यांचं माझ्या पोथीत काही नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," आज्जी म्हणाल्या. "साखर वाटा."

साखर वाटत असतानाच माझ्या नाकातून रक्ताची बारीक धार आली. मृदुला पांढरी पडली. ह्यांना रिक्षा मिळेना, शेवटी निकमांच्या जीपमधूनच निघालो. मी, मृदुला, संग्राम आणि बायजाआज्जी. "माज्याच तपकिरीनं झालंय, मी येनार," म्हणून आज्जी पुढच्या सीटवर चढूनच बसल्या. मी जिभेने टाके चाचपत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा नाकासाठी देवाला साकडं घालत होते.

आम्ही दवाखान्यात शिरलो तसे नंबर लावून बसलेले पेशंट एकेक करून शिंकायला लागले, आमच्या कपड्यांमुळे. डॉक्टर ओसवालांनी मला तडक आत घेतलं, फोटो काढला, टाके तपासले. मग फोटो उजेडावर धरून इतका वेळ बघत राहिल्या की आज्जींनी माझा हात धरला.

"किती वेळा शिंकलात?"

"मोजल्या न्हाईत."

"तोंड?"

"उघडं होतं," मृदुला म्हणाली. "सगळ्या शिंका आ करून. मी बघत होते."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "थोडं रक्त अशा वेळी येतंच. अस्तर शाबूत आहे. भुकटी जिथे भरली तिथेच आहे." आणि मग नाकाला रुमाल लावून त्यासुद्धा शिंकल्या.

पुढचं सगळं बेताबेताने झालं. नवरात्रात परत फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. जिथे नुसती काळी पोकळी होती तिथे पांढरं, भरीव हाड. "हे आता तुमचं," म्हणाल्या. त्यात तीन स्क्रू बसवले. बारीक किल्लीने पिळताना कवटीत गिरणी चालल्यासारखा आवाज आला, पण दुखलं नाही. मार्गशीर्षात मृदुलाचं लग्न झालं. त्यात मी पदराआड "हं हं"च करत फिरले, कारण वर दात बसवायला अजून वेळ होता. पण त्या हिवाळ्यात मला काही वाटलं नाही. आत हाड धरलंय हे मला माहीत होतं.

दात बसले फाल्गुनात. पक्के, हलवून हलत नाहीत असे. डॉक्टरांनी आरसा दिला. मी हसून बघितलं, पण आरशापुढे कसलं हसू येतंय? तशीच घरी आले. सीझन नुकताच सुरू झाला होता. आक्का एकट्याच डंक्यासमोर, गोणीवर बसून मिरच्यांचे देठ खुडत होत्या.

"आ कर," त्या म्हणाल्या.

मी आ केलं. त्यांनी हनुवटी धरून, उजेडाकडे वळवून, नीट बघितलं.

"बरं हायत. घोड्यासारखं."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि देठ खुडायला लागले. इतके दिवस विचारायचं होतं ते विचारलं. "आक्का, त्या दिवशी मोटार मुद्दाम चालू केलीत ना?"

"छ्या. गिऱ्हाइकाचा मसाला ऱ्हायला हुता."

"डंका बंद हुता त्या दिवशी. गिऱ्हाईक कुठनं आलं? आन् मसाल्यात नुसती लवंगी कोन घालतंय?"

आक्कांनी मिरच्यांची पुढची मूठ उचलली. बऱ्याच मिरच्या खुडून झाल्या.

"जाळीतनं दिसत हुतं मला," त्या म्हणाल्या. "तुझा हात नाकाकडं चालला हुता. पोरीनं वरडून थांबवला म्हनून बरं. आन् मग ती म्हातारी उठली. मी म्हनलं, ही सोयरीक मोडली तर शालन जलमभर म्हननार, माज्या दातापायी मोडली. मग दात असून उपेग काय? ही काय त्या दातानं हसनार व्हय?"

"तुमाला तर माझ्या हसन्याचा राग यायचा."

"यायचाच की. अजून येतोय." त्यांनी पाटी झटकली. "आमचं मालक गेलं, त्याला म्हयना झाला नसंल. तू मागच्या दारात कशाला तरी हसलीस. भांडी पडल्यावानी. सगळी भावकी म्हनली, हिला लाज न्हाय. मी भिताडाकडं तोंड करून पडले हुते. मला काय वाटलं सांगू? वाटलं, घर मेलं न्हाय अजून. मग उठले आन् च्या करून प्याले." त्यांनी पाटी पुढे ओढली. "तू पदर लावलास तवापास्नं घरात लई गप गप झालं हुतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मिरच्यांच्या हाताने ते पुसायला गेले तर भडका उडाला. आक्का "थांब, थांब, डोळ्याला हात नको" म्हणत तांब्या आणायला धावल्या. तेवढ्यात फोन वाजला. मृदुला होती.

"आई, दात बसले? बरं, ऐक. इकडं आज्जींनी उच्छाद मांडलाय. त्या म्हणतात मलाही स्क्रू बसवा. डॉक्टरांनी तपकीर सोडायला सांगितली तर सोडली. सकाळपासून डबीत बडीशेप भरून तीच नाकाशी नेतायत. पण आता त्यांची एकच अडचण आहे."

मागून बायजाआज्जींचा आवाज आला, "तिला इचार गं, झोपेत शिंक आली तर आ कोन म्हननार? का तुझ्या सासऱ्याला उशाला बसवू?"

आधी पोटात कुठेतरी हललं. मग ते वर आलं. फेटा बांधून, रात्रभर आईच्या उशाला "आ, आ" करत बसलेले माझे व्याही मला डोळ्यांपुढे दिसले आणि मी हसले. तोंड पूर्ण उघडून हसले. काही निसटलं नाही, काही उडालं नाही. फोन हातातून पडला, पाटी उलटली, मिरच्या अंगभर झाल्या आणि मी हसतच राहिले. समोरच्या ओट्यावरून कुत्रं भुंकायला लागलं.

आक्का तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या.

"हळू हस की गं, गल्लीत ऐकू जातंय," त्या म्हणाल्या, आणि जाऊन त्यांनी रस्त्याकडचं दार सताड उघडलं.